ईशान्येचा तुकडा

१३ सप्टेंबर १९५९, रविवार

झाली एकदाची जागा! तीन महिने गिरगावात मामांच्या गॅलरीत अंग चोरून झोपलो. मामी तोंडाने काही म्हणाली नाही, पण पोळी वाढताना तिचा हात आखडायचा, ते कळत होतंच. आजपासून विद्याधर सबनीस अंधेरीकर झाले.

घर मरोळच्या अंगाला, एका जुन्या ख्रिस्ती गावठाणात आहे. बुटकं, कौलारू, पुढे लाकडी खांबांची ओटी आणि ओटीला लागून माझी खोली. वाटेच्या तोंडाशी क्रूस आहे, त्याच्यापुढे कुणी ना कुणी रोज मेणबत्ती लावतं. माणसं घरात आपल्यासारखीच मराठी बोलतात, ठसका तेवढा वेगळा. मालकीण जोसेफीनबाई. सगळं गावठाण त्यांना मावशी म्हणतं, मीही लगेच म्हणायला लागलो. साठीच्या असतील. आखूड नेसलेलं लुगडं आणि खणखणीत आवाज. ट्रंक खाली ठेवायच्या आत त्यांनी चहा आणि तळलेले बोंबील पुढे केले. सबनीस बोंबील खातो हे पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला.

त्यांचा एकुलता एक मुलगा फिलिप लष्करात मोटार चालवतो, लेहच्या बाजूला. त्याची खोली मागे, स्वयंपाकघराच्या शेजारी. मावशी ती रोज झाडतात, चादर बदलतात. नोव्हेंबरात तो रजेवर यायचा आहे. आला की घर आणि शेत त्याच्या नावावर करायचं, त्याचं लग्न ठरवायचं, मग मी सुटले, असं त्या म्हणतात. घरामागे परस, परसात विहीर, विहिरीपुढे भाताचं शेत, आणि शेताच्या ईशान्य कोपऱ्यात एक खडकाळ तुकडा. त्याच्या पलीकडची जमीन कुणाची, ते मावशींनाही ठाऊक नाही. तिकडे कधी कुणी दिसलेलं नाही म्हणे.

भाड्याशिवाय त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. घरात पुरुषमाणूस नाही, फिलिप येईपर्यंत जरा लक्ष ठेव. मी म्हटलं, मावशी, काळजीच सोडा. 'भटाला दिली ओसरी' ही म्हण आठवून मनातल्या मनात हसलो आणि खाटेवर हातपाय पसरले.

१६ सप्टेंबर

नोकरीचा तिसरा दिवस आणि पहिलं भांडण. माझ्या स्वभावाला हे शोभेसंच झालं.

आमच्या छापखान्यात शाळांच्या भिंतीवर टांगायचे नकाशे निघतात. माझं काम आखणीचं. नद्या, रेल्वे, जिल्हे आणि हद्दी. जुने छाप काढून पाहिले, तर हिमालयाच्या डोक्यावर नुसता फिकट रंग सारवून ठेवलेला, रेघ नावाला नाही. पाच वर्षांपूर्वी तिथं ठसठशीत रेघ आली. आली ती बरं झालं. पण रेघ काढून आपण घोरत पडलो! चीनने लडाखच्या त्या कोपऱ्यातून चक्क मोटाररस्ता नेला आणि आपल्याला कळलं ते रस्ता पुरा झाल्यावर. वर भाई-भाईच्या आरोळ्या चालूच. ऑगस्टात आपल्या लोंगजूच्या चौकीवर गोळ्या घातल्या, तेव्हा कुठे पडदा उघडला. आणि आता दिल्लीत म्हणतात काय, तर तिथं गवताचं पातंही उगवत नाही. अरे, आमच्या आजीच्या देवघरात तरी काय उगवत होतं?

मालक श्यामसुंदर पाणंदीकर हे सज्जन गृहस्थ, त्यामुळे भित्रे. त्यांनी सांगितलं, सबनीस, वरची रेघ सध्या काढू नका, जागा कोरी ठेवा, निकाल लागला की बघू. नकाशे शाळांनी परत पाठवले तर? मी म्हटलं, निकाल कोण लावणार? शाळा? ते चष्मा पुसत बसले. मी रेघ काढली. दोनदा गिरवली.

२० सप्टेंबर, रविवार

सकाळी सहज शेताच्या बांधावरून चालत त्या खडकाळ तुकड्यापर्यंत गेलो. कमरेएवढं गवत. आत शिरलो तर पायाखाली वाट.

जनावरांची वाट नव्हे. रुंद, चोपून बसवलेली, कडेला दगड लावलेली. वर्षानुवर्षं पाय पडल्याशिवाय जमीन अशी गुळगुळीत होत नाही. तुकड्याच्या एका टोकातून शिरते आणि दुसऱ्या टोकातून बाहेर जाते. वर गवत ठेवलंय ते जणू झाकणासारखं.

पळत येऊन मावशींना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर करून एवढंच म्हटलं:

"जाऊं दे रे. खडक हाय निस्ता. तिथं काय पिकते?"

मला संताप आला. तेच वाक्य! दिल्लीतलं वाक्य या बाईच्या तोंडी कसं आलं? मी आवाज चढवून बोललो, नको तितका. म्हटलं, मावशी, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. त्या बिचाऱ्या ओशाळल्या. म्हणाल्या, फिलिप येईल, तो बघेल.

२७ सप्टेंबर

आता तर कमालच झाली. तुकड्याच्या पलीकडे हद्दीचे दगड होते, ते आज अलीकडे आहेत. अख्खा तुकडा दगडांच्या बाहेर, वाटेसकट. आणि दगडांना ताजा चुना फासलेला, बोटाला लागेल इतका ताजा. पलीकडे माणूस नाही, खोपटं नाही, एक कुत्रं नाही. मग चुना कोण लावतं?

शेजारच्या जॉनीला हाक मारली. हा वर्सोव्याच्या बोटींवर इंजिनं दुरुस्त करतो, मनगटात ताकद आहे आणि माझ्याइतकाच तापट आहे, म्हणून आमचं जमतं. दोघांनी पहारी घेऊन दगड उपटले. दगड कसले, खांबच. जेवढा वर त्याच्या चौपट आत. घाम गाळून जुन्या जागी नेऊन पुरले. जॉनी म्हणाला, ज्या कोणाचं हे काम आहे त्याला समोर आण यार, माझ्यातर्फे एक ठेवून देतो. बरं वाटलं. मावशींनी दोघांना सरबत दिलं आणि फिलिप लहानपणी त्याच खडकावर पतंग उडवायचा ते सांगितलं.

२८ सप्टेंबर

दगड पुन्हा अलीकडे आलेत. काल होते त्याच्याही अलीकडे, भाताच्या कडेला टेकून. आम्ही खणलेल्या खड्ड्यांचा मागमूस नाही, तिथं जुनी मुळं घट्ट बसली आहेत. आणि पुन्हा चुना.

सर्व्हे कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, प्रतिपक्ष कोण? मी म्हटलं, दिसत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चहा मागवला. मला चहा नको होता. बाहेर येऊन फिलिपला सविस्तर पत्र लिहिलं: रजा मिळेल तितकी लवकर घे, घराला तुझी गरज आहे, तू येईपर्यंत मी पाय रोवून उभा आहे.

४ ऑक्टोबर, रविवार

आज यांचा आगेरा. नव्या भाताच्या पहिल्या लोंब्या देवळात नेऊन पाद्रीबाबांकडून आशीर्वाद घ्यायचा. मावशींनी शेताच्या आतल्या बाजूच्याच लोंब्या कापल्या. कडेच्या का नाही, विचारलं, तर म्हणाल्या, उगाच कशाला. उगाच कशाला! स्वतःच्या शेतात! मी तरातरा गेलो आणि दगडाला खेटून उभ्या लोंब्या कापून आणल्या.

एक लोंबी त्यांनी फिलिपच्या फोटोला अडकवली. फोटोत तो टोपी तिरकी करून हसतोय, पुढचा एक दात तुटलेला. दात झाडावरून पडून तुटला की मारामारीत, यावर मावशी आणि जॉनीची जुंपली. बऱ्याच दिवसांनी पोट धरून हसलो.

दसरा

आज मी त्यांना दाखवून दिलं.

छापखान्यात यंत्राची पूजा झाली, पेढे खाल्ले. परत येताना सुचलं, की आज सीमोल्लंघनाचा दिवस. आमच्याकडे वडील दर दसऱ्याला गावाची वेस ओलांडून ईशान्येला जायचे आणि आपट्याची पानं आणायचे. दगडांच्या पलीकडे, त्या खडकातच, आपट्याचं झाड आहे. यापेक्षा चांगला मुहूर्त कोणता? स्वच्छ धोतर नेसलो, कपाळाला गंध लावलं, जॉनीला साक्षीला घेतलं आणि दगडांपाशी उभा राहून मोठ्याने म्हटलं, सीमोल्लंघन करतो! कोण आहे रे तिकडे? या पुढे!

कुणी आलं नाही. ओलांडून गेलो, फांदी मोडली, परत आलो. जॉनीला सोनं दिलं, मावशींना दिलं, पाया पडलो. त्यांना ही रीत ठाऊक होती, पण अर्थ ठाऊक नव्हता. मी समजावलं की आपली हद्द ओलांडायची, परक्याच्या मुलखातून सोनं लुटून आणायचं. त्यांना गंमत वाटली. पानं त्यांनी फिलिपच्या फोटोपुढे ठेवली.

छाती भरून आली आहे.

१३ ऑक्टोबर

सकाळी मावशी घागर घेऊन वाटेवरच्या नळाला उभ्या. मी विचारलं, विहीर आटली का?

त्यांनी विचारलं, कुठली विहीर?

वाटलं थट्टा करताहेत. परसात गेलो. दगड परसाच्या मधोमध आहेत. अख्खं शेत पलीकडे, कापणीला आलेलं भात पलीकडे, विहीर पलीकडे. विहिरीच्या काठावर एक घागर पालथी घातली होती, आमची नव्हे. मी मावशींना दंडाला धरून आणलं, बोट दाखवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, ती त्यांची हाय, आमची नव्हतीच कधी.

चेहऱ्यावर वेडाची खूण नाही. उलट नीट झोप झाल्यासारखा टवटवीत चेहरा. याच विहिरीवर त्यांच्या लग्नात वाजतगाजत पाणी आणलं होतं, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. मी ते आठवून दिलं. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.

१५ ऑक्टोबर

जॉनीही तसाच. दगड उपटल्याचं आठवत नाही. हाताला फोड आहेत, ते कशाचे तेही आठवत नाही. म्हणाला, सोड ना विद्याधर, कशाला डोकं पिकवतोस, झकास चाललंय सगळं. जॉनी असं बोलला! एका शिवीला दोन शिव्या देणारा जॉनी!

आणि आज दुपारी नकाशावर काम करता करता लख्ख कळलं. 

सीमोल्लंघन कुठे करतात? सीमेवर. माणूस स्वतःच्या परसात सीमोल्लंघन करतो का? तो खडक मावशींचा होता. मी गंध लावून, साक्षीदार उभा करून, मोठ्याने जाहीर केलं की हीच आमची हद्द, इथून पुढे परका मुलूख. पलीकडच्यांना दगड सरकवून जे मिळालं नव्हतं ते मी तोंडाने देऊन टाकलं. परक्याचं सोनं घरात आणलं, फिलिपच्या फोटोपुढे ठेवू दिलं.

अडाणी, मूर्ख, नाकाने कांदे सोलणारा मी! पाणंदीकर निदान जागा कोरी तरी ठेवत होते.

पानं काढून जाळायला गेलो. ती तिथं नव्हती.

२० ऑक्टोबर

फिलिपचं पत्र आलं. रजा मंजूर, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात घरी पोचतो. लिहितो, विद्याधरभाऊ, आईला सांभाळा, खडकाची काळजी नको, मी आलो की दोघं मिळून बघू.

फक्त तो येईपर्यंत. तेवढं घर उभं राहिलं पाहिजे आणि त्याच्या आईला तो आठवला पाहिजे.

पत्र मावशींना वाचून दाखवलं. त्या हसल्या. डोळे पुसले. म्हणजे अजून आहे.

दगड मागच्या दारात आले आहेत.

२४ ऑक्टोबर

लडाखात आपल्या पोलिसांच्या तुकडीवर चिन्यांनी गोळीबार केला. माणसं मेली. आपल्याच मुलखात गस्तीला गेलेली पोरं! संतापाने रडू आलं, छापखान्यात सगळ्यांदेखत आलं. पाणंदीकर म्हणाले, शांत व्हा, वाटाघाटी होतील. मी काय बोललो ते लिहीत नाही.

शनिवारचा अर्धा दिवस; घरी येऊन मावशींना कसं सांगायचं, याचाच वाटभर घोर. सांगितलं. मावशींनी क्रूसाची खूण केली आणि म्हणाल्या, बिचाऱ्या त्यांच्या आया.

मी वाट पाहिली. त्या पुढे काही विचारीनात. मी म्हटलं, मावशी, फिलिप—

त्यांनी विचारलं, कोन फिलिप?

मागे धावलो. फिलिपची खोली नाही. दार होतं तिथं भिंत आहे, जुनी, पोपडे सुटलेली, ओल धरलेली. भिंतीच्या पलीकडे कुणीतरी केर काढतंय. केरसुणीचा संथ आवाज, भर दुपारी. मी भिंतीवर मुठी आपटल्या. आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, तितकाच संथ.

माजघरात खिळ्याला लोंबी लटकते आहे. फोटो नाही.

२७ ऑक्टोबर

माजघराच्या मधोमध दगड. चुना लावलेला. जमिनीचा कोबा त्याच्याभोवती वळसा घालून गेलेला, जणू घर बांधतानाच तो होता. मावशी त्याला वळसा घालूनच चालतात, न बघता, सवयीने.

मी रोज सकाळी ही वही पहिल्यापासून मोठ्याने वाचायची ठरवली आहे. फिलिप. जोसेफीनबाईंचा मुलगा. तिरकी टोपी, तुटका दात, खडकावर पतंग. घर त्याचं. तो येणार. मी दार उघडणार आणि त्याच्या आईसमोर त्याचं नाव सांगणार.

राग शाबूत आहे. राग आहे तोवर मी आहे.

दिवाळी

पणत्या लावल्या. मावशींनी कौतुक केलं. मागे, भिंतीच्या पलीकडेही कुणी लावल्या असाव्यात, फटीतून उजेड—

वही वाचली. 'दिल्लीत म्हणतात' या पानावर थांबलो. एवढं चिडण्यासारखं काय होतं ते क्षणभर कळेना. मग कळलं. ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

३ नोव्हेंबर

पाणंदीकरांनी पाठ थोपटली. म्हणाले, सबनीस, शहाणे झालात. बघतो तर नकाशावर वरची जागा कोरी. रेघ खरवडून काढलेली, हलक्या हाताने, सफाईने. असा हात छापखान्यात एकाचाच आहे.

मी केव्हा—

५ नोव्हेंबर

दगड माझ्या उंबऱ्यात. बोटांना चुना लागलाय. मी तर आज त्याला शिवलो—

वही वाचली. झाडावरून पडून दात तुटला तो कोण? मारामारी म्हणाला तो जॉनी. मग तुटला कुणाचा—

फिलिप. फिलिप. फिलिप. दार उघडायचं. नाव सांगायचं.

चिडायला हवं. चिडतोय. असं लिहिलं की थोडा वेळ—

७ नोव्हेंबर

ओटीवर एक माणूस उभा आहे. लष्करी कोट, ट्रंक, थंडीने फुटलेले ओठ. हसला तेव्हा पुढचा दात तुटका दिसला. माझं नाव घेतो. म्हणतो, पत्र तुम्हीच लिहिलंत ना भाऊ? म्हणतो, घर माझं. मावशी त्याला पाणी देऊन समजूत घालताहेत, पोरा, तू घर चुकलास, मना मूलबाळ नाय. तो त्यांचे पाय धरून बसलाय—

वहीत लिहिलंय, दार उघड, नाव सांग. अक्षर माझं दिसतं. नाव—

दगड खाटेपलीकडे गेलाय, ओटीच्या बाजूला. म्हणजे मी आता—

इथं किती शांत आहे. केर काढलेला. कुणी तरी आपट्याची पानं ठेवली आहेत उशाशी.

कशाचा तरी राग यायचा मला. फार यायचा.

तो खिडकीशी आलाय, हाका मारतोय, काच वाजवतोय. एवढी कसली भांडाभांड? एवढीशी खोली, इथं पिकतं तरी काय? उठतो आणि त्याला नीट समजावून सांगतो, की बाबा रे, ही जागा पहिल्यापासून आमची—